जर्सीच्या आतला घाम

बोईसर स्टेशनबाहेरच्या बाजारात दोरीवर लटकलेल्या फुटबॉलच्या जर्सी आता बारमाही दिसतात. मेस्सीची, रोनाल्डोची, आणि अधूनमधून आपल्या मुंबई सिटी एफसीची आकाशी निळी. दोन-अडीचशे रुपयांत पोरगा खूश. आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलाने गेल्या मे महिन्यात अशीच एक घेतली, रोज संध्याकाळी मैदानावर घातली आणि पंधरा दिवसांत काखेत आणि कमरेच्या पट्ट्यावर लाल चकंदळं घेऊन आईबरोबर आमच्या दारात उभा राहिला. ‘जर्सी खराब की घाम खराब?’ हा त्या माउलीचा प्रश्न. उत्तर शोधताना मला फुटबॉलच्या गणवेशाच्या शंभर-सव्वाशे वर्षांत डोकवावं लागलं.

आपल्याकडे गणवेशाची चर्चा पायांपासून सुरू झाली. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं, तेव्हा बागानचा एकच खेळाडू बूट घालून खेळत होता. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्धही आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, फार तर पायाला पट्ट्या बांधलेल्या. कर्णधार होते तालिमेरेन आओ, जे पुढे डॉक्टर झाले. तो सामना आपण २-१ असा हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२मध्ये हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, आणि मग बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते बूट घालूनच.

अंगावरचं कापड मात्र बराच काळ सुतीच राहिलं. थंड मुलखात जाड सुती किंवा लोकरी सदरे असत. सूत पाणी पितं. स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून ठेवतं आणि ते सहज सोडत नाही. उत्तरार्धात खेळाडू जणू ओली गोधडी पांघरून पळत असे. १९७०च्या विश्वचषकाला मेक्सिकोच्या उन्हात जाताना इंग्लंडने बारीक भोकाभोकांच्या विणीचे हलके सुती सदरे नेले. कापडाला श्वास घेऊ द्या, हा विचार तेव्हाच आला होता.

मग आलं पॉलिएस्टर. हा धागा १९४१मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. आपल्याकडे टेरिलीन आणि टेरिकॉट या नावांनी तो घराघरांत गेला, आणि उन्हाळ्यात त्या शर्टाने काय हाल केले ते साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. मग तोच धागा खेळाडूंना चालतो कसा? गंमत धाग्यात कमी आणि विणीत जास्त आहे. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण धागे अतिशय बारीक करून विणले की त्यांच्यामधल्या फटींतून घाम वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. कातडीवरचा घाम कापडाच्या बाहेरच्या अंगावर पसरतो आणि तिथून उडून जातो. टेरिलीनच्या घट्ट विणलेल्या शर्टात ही सोय नव्हती.

उडून जाणं हेच सगळ्यांत महत्त्वाचं. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो, उरलेली उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही उष्णता अंगातच राहिली, तर सत्तर किलोच्या माणसाचं तापमान हिशेबाने दहा अंशांनी चढेल. म्हणजे घाम येणं पुरेसं नाही, तो वाळला पाहिजे. आणि पालघरच्या किनाऱ्यावर मे महिन्यात नेमकं तेच होत नाही. हवा आधीच पाण्याने भरलेली असते. घाम थेंब थेंब गळतो, आणि गळालेला घाम अंग थंड करत नाही. कितीही भारी कंपनीची जर्सी असली तरी ती हवेतली वाफ कमी करू शकत नाही. म्हणूनच फिफा तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक पाहते आणि तो ३२ अंशांवर गेला की सामन्यात पाणी पिण्यासाठी विश्रांती देते. आपल्या शाळांच्या आणि गावच्या स्पर्धा दुपारी दोनला लावणाऱ्यांनी याकडे जरा बघावं. खेळता खेळता मुलगा गोंधळल्यासारखा बोलू लागला, अडखळू लागला, तर ‘दम लागलाय’ म्हणून सोडून देऊ नका. सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा आणि तातडीने दवाखाना.

स्वस्त जर्सीत आणखी एक खोट असते. पाठीवरचा मोठा आकडा आणि छातीवरची जाहिरात प्लास्टिकच्या जाड पट्टीने चिकटवलेली असते. तेवढ्या भागातून घाम बाहेर पडायला वाटच नाही. चांगल्या जर्सीवर आकडे छापताना सुमारे दोनशे अंशांच्या उष्णतेने रंगाची वाफ करून ती धाग्यात मुरवतात. बोट फिरवून पाहा: आकडा हाताला लागत नसेल तर जर्सी बरी.

आता ती चकंदळं. पॉलिएस्टरला ‘डिस्पर्स’ जातीचे रंग लागतात. त्यातल्या काही गडद निळ्या रंगांची काही माणसांच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि ती घामाने कापड घासतं तिथे, काखेत आणि मांड्यांच्या आत, उमटते. पण आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आढळतो तो नायटा. ओली, घट्ट जर्सी तासन् तास अंगावर ठेवली की बुरशीला घर मिळतं. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरतो आणि पुढे खऱ्या औषधालाही दाद देत नाही. आमच्या शेजाऱ्याने आधी हेच मलम लावलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी ते बंद करून बुरशीची औषधं दिली, तीही चांगली दीड महिना.

वासाचंही कारण सापडलं आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा दुर्गंधी निर्माण करणारे मायक्रोकॉकस जिवाणू सुतीपेक्षा पॉलिएस्टरवर जास्त वाढलेले आढळले. त्यामुळे सामना संपल्यावर जर्सी पिशवीत कोंबून ठेवणं सगळ्यांत वाईट.

तारापूरकरांना या कथेचं दुसरं टोकही ठाऊक आहे. पॉलिएस्टर रंगवायला दाबाखाली सुमारे १३० अंशांचं पाणी लागतं, आणि धाग्याला न लागलेला रंग त्या पाण्यातच उरतो. तारापूर एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया करणारे आणि रंग-रसायनं बनवणारे कारखाने शेजारी शेजारी आहेत. इथल्या सांडपाण्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, कारण खाडीतली मासळी हा मांगेल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. धुलाईही निर्दोष नाही. त्याच वर्षी इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात सहा किलो पॉलिएस्टरच्या कपड्यांच्या एका धुलाईत सुमारे पाच लाख सूक्ष्म तंतू सुटताना दिसले. गार पाण्यात, मशीनचं कमी वेळाचं चक्र लावून धुतलं तर ते कमी सुटतात.

शेजारचा मुलगा आता बरा आहे. निळी जर्सी त्याने सोडलेली नाही, पण एक माप मोठी घेतली आहे. आत सुती बनियन घालायची सवय मोडली, कारण ओली बनियन जर्सीच्या सगळ्या विणीवर पाणी फिरवते. खेळून आला की आधी जर्सी उतरवतो, अंघोळ करतो, अंग नीट पुसतो. जर्सी उलटी करून गॅलरीतल्या दोरीवर टाकतो. पावसाळ्यात ती वाळत नाही, म्हणून दुसरी हवी असा त्याचा हट्ट आहे आणि या वेळी त्याची आईही नाही म्हणत नाही.