जुनी गाडी घेताना: चुंबक, टॉर्च आणि चमचाभर ऑइल

जुनी मोटार पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी रंग पाहतो, मग दार आपटून आवाज ऐकतो, मग इंजिन चालू करायला सांगतो आणि किंमत विचारतो. गाडीखाली वाकून पाहणारा क्वचितच भेटतो. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. थकलेले इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. त्याला पैसे लागतात, पण किती लागतील याचा अंदाज आधी करता येतो. सांगाड्याचा पत्रा आतून खाल्ला गेला असेल, तर खर्चाचा अंदाज राहत नाही आणि सुरक्षिततेची हमीही राहत नाही. विकणाऱ्याने ताजा रंग दिलेला असतो तो बहुतेक वेळा याच पत्र्यावर.

उदाहरणासाठी आपण फियाट घेऊ. या गाडीशी सोलापूरचे नातेही आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून हौशी लोकांकडे आहेत आणि त्यांची खरेदी-विक्री चालू असते.

ट्रकला खाली लांबलचक पोलादी चौकट असते आणि केबिन तिच्यावर बसवलेली असते. फियाटला अशी वेगळी चौकट नाही. तळ, दाराखालची पोकळ पट्टी, खांब आणि छत हे सगळे पत्रे एकमेकांना जोडून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. याची कल्पना वर्गात सहज देता येते. बुटाचे खोके घ्या, झाकण चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावा आणि दोन टोके धरून पिळून पाहा. आता झाकण काढून पिळा. पहिल्या वेळी खोके दाद देत नाही, दुसऱ्या वेळी सहज मुरगळते. कागद तोच, जाडीही तीच. बळकटी पेटी बंद असण्यातून आली होती.

छत उघडणारी स्पोर्ट्स गाडी म्हणजे झाकण नसलेले खोके. छताने उचलायचा भार अशा गाडीत तळाला आणि दाराखालच्या पट्ट्यांना उचलावा लागतो. म्हणून बंद गाडीत जो गंज एक वेळ चालवून घेता येईल, तोच उघड्या गाडीत धोक्याचा ठरतो. त्यातच छताच्या कापडाच्या कडेतून झिरपलेले पाणी थेट तळाच्या गालिच्याखाली जाऊन बसते. अशा गाडीची दोन्ही दारे उघडून लावून पाहावीत. दार आणि खांब यांच्यामधली फट वर एक आणि खाली दुसरीच दिसली, तर पेटी मध्यभागी वाकू लागली आहे असे समजावे.

गंज लपून का वाढतो? पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की त्याच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. म्हणजे थेंबाखाली एक छोटी विद्युतघटमाला चालू असते. पाण्यात मीठ असेल तर ते अधिक चांगले विद्युतवाहक होते आणि ही घटमाला जोरात चालते. गंमत अशी की जेथे ऑक्सिजन कमी पोचतो, तेथेच लोखंड झिजते. त्यामुळे उघडा सपाट पत्रा बराच टिकतो, आणि चिखल साचलेली चाकाची कमान, दुमडलेल्या कडा, दाराखालची पोकळ पट्टी आतून पोखरली जाते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग फुगून वर येतो. रंगावर हरभऱ्याएवढा फोड दिसला तर आतले नुकसान त्याहून मोठे असते.

हे रसायन लक्षात घेतले की गाडी कोठे राहिली हा प्रश्न महत्त्वाचा होतो. सोलापूर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून दूर, पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. एमएच-१३ क्रमांकाची, म्हणजे सोलापुरात नोंदलेली आणि येथेच राहिलेली गाडी पत्र्याच्या दृष्टीने नशीबवान. रत्नागिरीच्या एमएच-०८ क्रमांकाच्या गाडीने खारी हवा खाल्लेली असण्याचा संभव मोठा; तिच्याकडे जास्त वेळ टॉर्च मारावा. क्रमांक अर्थात पहिली नोंदणी सांगतो, पुढचा मुक्काम सांगत नाही. तो नोंदणीपुस्तकात पाहावा.

आता चुंबक. कुजलेल्या जागी नवा पत्रा जोडण्याऐवजी पुट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबी, भरून वरून रंग मारणे स्वस्त पडते. डोळ्याला फरक कळत नाही, चुंबकाला कळतो. हा प्रयोग शाळेत आधी करून पाहण्यासारखा आहे. लोखंडी कपाटाचे दार, एक साधा चुंबक, तानकाटा आणि वहीचे कागद एवढेच साहित्य लागते. (स्टेनलेस स्टीलचा डबा घेऊ नये, पुष्कळ डब्यांना चुंबक चिकटतच नाही, आणि तो का चिकटत नाही हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) चुंबक ओढून काढायला किती बल लागते ते मोजावे, मग मध्ये एकेक कागद वाढवीत जावे. वहीचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो; कारखान्यात दिलेला रंगही जवळपास तेवढाच. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरचा असला तर ते वीस-तीस कागद झाले. विद्यार्थ्यांना आलेख काढायला लावावा. बल अंतराबरोबर सरळ रेषेत घटत नाही, पहिल्या काही कागदांतच झपाट्याने कोसळते, हे ते स्वतः पाहतील.

गाडीवर चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवावा, म्हणजे चरे पडत नाहीत. एकाच पट्टीवर तो एका जागी घट्ट धरतो आणि वीतभर पुढे निसटतो, अशी जागा खडूने खूण करून ठेवावी. चुंबक धरला म्हणजे खाली पत्रा आहे एवढेच कळते. तो मूळचा की नंतर डागलेला, हे आतल्या बाजूने डागाच्या रेघा पाहूनच समजते.

काही गाड्यांवर ही चाचणी चालतच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी, उघड्या स्पोर्ट्स गाडीचे अंग फायबरग्लासचे आहे आणि इंजिन रेनोचे. फायबरग्लास गंजत नाही, पण चाके आणि इंजिन धरणारे भाग पोलादाचेच असतात, आणि अंग नवे दिसते म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. अशा अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एका बिंदूतून निघालेल्या दिसल्या, तर तेथे कधीतरी धक्का बसला आहे. त्याच्या मागच्या पोलादावर टॉर्च टाकावा.

यानंतर इंजिन. गाडी पाहायला येणार हे आधी सांगितले असेल, तर विकणारा इंजिन गरम करून ठेवतो. म्हणून प्रथम बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करावी. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होते तेव्हा सर्वांत जास्त बोलते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरी वाफ थंडीत क्षणभर चालते. इंजिन तापल्यावरही ती येत राहिली तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरात शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर पाण्याची शंका आणखी बळावते. (रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. कुकरचे झाकण आपण दाब असताना उघडत नाही, कारण तेच.)

आमची सर्वांत आवडती चाचणी मात्र दाबमापकाची आहे. तो बऱ्याच गॅरेजांत मिळतो. इंजिन गरम करून सगळे प्लग काढावेत, ठिणगीचा पुरवठा तोडावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यावा. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सात-आठ पट दाबली जाते आणि चांगल्या स्थितीत मापक साधारण आठ ते दहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतो. दाबताना हवा तापते, म्हणून आकडा केवळ आकारमानाच्या गुणोत्तरावरून काढलेल्या आकड्यापेक्षा चढा येतो. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक अधिक बोलका असतो.

समजा एकाचा दाब कमी आला. हवा खालून पिस्टनच्या रिंगांतून निसटते की वरून व्हॉल्व्हमधून? येथे चमचाभर ऑइल कामाला येते. प्लगच्या भोकातून ते सिलिंडरात सोडावे आणि दाब पुन्हा मोजावा. ऑइल पिस्टनच्या माथ्यावर पसरून रिंगांची फट काही क्षण बुजवते. वरच्या व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही. दाब चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच उतरलेला असेल आणि ऑइलने फरक पडत नसेल, तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट फुटली असावी. एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे प्रयोगाचे तत्त्व इतक्या कमी साहित्यात इतके स्पष्ट दिसणारी उदाहरणे फार नाहीत.

पत्र्याला मानवणारी सोलापूरची हवा रबराला मानवत नाही. चाळीस अंशांच्या वरचे उन्हाळे काढलेले पाइप, ऑइल सील आणि टायर कडक होतात, बोटाने वाकवले की भेगा उघडतात. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर नवा नव्हे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे कठीण पाणी घातले असेल, तर नळ्यांत चुन्याचा थर बसतो. त्याची उष्णतावाहकता पितळाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास असते. गाडी गावात ठीक चालते आणि मे महिन्यात महामार्गावर तापते, ती यामुळे.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, तेव्हा उसापासून मिळणारे इथेनॉल येथे नवखे नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते आता २० टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते किंवा मऊ करते. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी, पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केटा म्हणूनच वास घेऊन आणि बोट फिरवून तपासाव्यात. नवे पाइप हा खर्च किमतीत धरावाच.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. जुन्या गाड्यांचा पाच अंकी मापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. आकडा तीस हजार आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, असे असेल तर रबरावर विश्वास ठेवावा.

राहिला चासी क्रमांक. आरटीओत करतात तसा त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. एखादा अंक इतरांपेक्षा खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा आला, अथवा भोवती कानस मारल्याच्या रेघा उमटल्या, तर बाकीच्या चाचण्या कितीही चांगल्या आल्या असल्या तरी पैसे खिशातच ठेवावेत.