फासा

सकाळी ८.०० : मे महिना, लग्नसराई. मिठबावातले सोनारकाका दुकान उघडतात, देवाला उदबत्ती लावतात, मांडी घालून बसतात. पुढ्यात ऐरण, हातोडी, कानशी, चिमटे. खाली लाकडी खण; कानशीचा कीस त्यातच पडायला हवा.

८.३० : तांबळडेगहून एक काकी येतात. आंब्याच्या पेट्या भरायला जायचं आहे. "काका, ह्यो फासो परत उघाडता. पेंढ्यात पडलो तर गावाचो नाय." मंगळसूत्र त्यांच्यासमोरच काट्यावर चढतं. १४.३२० ग्रॅम. वहीत नोंद.

९.१५ : काका भिंग लावतात. वाट्या शाबूत, मणी शाबूत. फाशाची कडी मात्र केसाएवढी उरली आहे. सगळं वजन तोच पेलतो, म्हणून आधी तोच झिजतो.

१०.३० : दोन गुंजा सोनं, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. जंत्रीच्या मोठ्या भोकातून लहान भोकात तार ओढायची. ओढताना ती कडक होते. तापवून मऊ करायची, पुन्हा ओढायची. दंडाच्या शिरा फुगतात.

१२.०० : आता डाक. सांध्याला सवागी (टाकणखार), त्यावर तांदळाच्या कणीहून लहान डाकाचा तुकडा. काका श्वास रोखतात, ज्योत फिरवतात. डाक चमकून पसरला की ज्योत बाजूला. क्षणभर उशीर झाला तर कडीचाच थेंब होईल.

दुपारी ३.०० : मुंबईहून आलेला नवरदेव आजोबांची सोन्याची बटणं आणतो. चार बटणं, एक साखळी. एकाची दांडी हलते. कापड धरणारं सोनं जुनंच आहे. १९७८ साली अफगाणिस्तानात तिल्या तेपे इथल्या प्राचीन थडग्यांत सोन्याच्या वीस हजारांहून जास्त वस्तू सापडल्या. त्यांत वस्त्राचे पदर जुळवणारे आकडेही होते, डॉल्फिनवर बसलेल्या मुलांच्या आकाराचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही हेच साधायचं होतं: कापड घट्ट धरावं, पण फाटू नये. काका दांडीचं टोक कानशीने गोल करतात, स्वतःच्या सदऱ्यात घालून बघतात.

५.०० : फासा चिंचेच्या पाण्यात उकळतो. मग रिठ्याचा फेस, मऊ ब्रश. काळा पडलेला सांधा पिवळा होतो, शोधूनही दिसत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या जिनसेला हॉलमार्कची सक्ती नाही. एवढ्याशा फाशाला सोनाराचा शब्द हाच शिक्का.

६.३० : काकी परततात. हाताला आंब्याचा चीक. काट्यावर १४.४८०. वाढलेल्या १६० मिलिग्रॅमचे पैसे आजच्या भावाने, मजुरी शंभर रुपये. काकी फासा दोनदा ओढून बघतात, मगच गळ्यात घालतात.

७.०० : काका खणातला कीस आणि जमिनीवरची धूळ डब्यात भरतात. धुळीतलं सोनं वेगळं काढणाऱ्या झारेकऱ्याला ती द्यायची आहे.

तुमच्याही घरातला दागिना आज एकदा उजेडात धरा. वाट्या नंतर बघा, आधी फासा बघा.