काळाचौकी आणि मुंबईचा पूर्वकिनारा

मुंबईचा समुद्र म्हटला म्हणजे पश्चिमेकडील समुद्रच डोळ्यांपुढें उभा राहतो. गिरगांवची चौपाटी, दादरची वाळू, वरळीचे खडक हीं ठिकाणें परगांवच्या पाहुण्यालाहि ठाऊक असतात. पण या नगरीला दुसराहि एक किनारा आहे, आणि तो पूर्वेचा. तेथें वाळू नाहीं, लाटांची गर्जना नाहीं. आहे तो चिखल, तिवरांची झाडी आणि बंदराचीं गोदामें. या किनाऱ्याच्या आंतल्या बाजूस, शिवडी आणि लालबाग यांच्या मध्यें, काळाचौकी वसलेली आहे. खाडी इतकी जवळ असूनहि येथील जुन्या चाळींतल्या माणसाला ती सहसा दिसत नाहीं. आणि भाद्रपदांत त्याला समुद्राची भेट घ्यावयाची असते, तेव्हां तो पूर्वेकडे न वळतां मैलोगणती चालत पश्चिमेला जातो. असें कां व्हावें, हें उमजलें म्हणजे या वस्तीचा इतिहास उमजला.

मुंबई सात बेटांची होती, त्या काळीं हा प्रदेश परळच्या बेटांत मोडत असे. त्याची पूर्वेकडील कड म्हणजे शिवडी. शत्रु खाडींतून आला तर त्याच्यावर नजर ठेवावी, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें १६८० सालीं शिवडीच्या टेकाडावर किल्ला बांधला. या चौकशीची कसोटी लौकरच लागली. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मोठ्या सैन्यानिशीं याच बाजूनें बेटावर पाऊल ठेवलें. शिवडी पडली, माझगांव पडलें, आणि पुढल्या वर्षीं औरंगजेबाच्या दरबारीं नमतें घेऊन, जबर दंड भरून, कंपनीला आपली सुटका करून घ्यावी लागली. या किल्ल्यांत पुढें कैदी ठेवण्यांत आले आणि त्यानंतर बंदराचा माल साठविण्यांत आला. आज त्याच्या दगडी तटावर उभें राहिलें म्हणजे खाडीचा विस्तीर्ण पट्टा दृष्टीस पडतो.

या बेटाची वस्ती मात्र किल्ल्याहून पुष्कळ जुनी आहे. १९३१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां परळ येथें एक प्रचंड शिल्प सांपडलें. एकाच शिळेंत शिवाच्या सात आकृति, जणूं एकींतून दुसरी उमलावी, अशा कोरल्या आहेत. पांचव्या-सहाव्या शतकांतील हें शिल्प बारादेवीच्या देवळांत ठेवण्यांत आलें. खाडीपलीकडे घारापुरीचीं लेणीं आहेत हें ध्यानांत घेतलें, तर या पाण्याच्या दोन्ही कांठीं एकेकाळीं शिवभक्तीचा केवढा प्रभाव होता याची कल्पना येते.

मग गिरण्या आल्या. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं ताडदेवला स्थापन झाली, आणि कांहीं दशकांतच परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी येथें धुराड्यांचें रान उभें राहिलें. कोंकणांतून आणि घाटावरून माणसें आलीं. दहा-बारा फुटांच्या एका खोलींत एका गांवचे पंधरा-वीस जण पाळीपाळीनें झोंपत, खाणावळींत जेवत आणि उरलेल्या वेळांत भजन करीत. त्याच सुमारास किनाऱ्याचेंहि रूप पालटत होतें. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं माझगांवपासून शिवडीपर्यंतचा उथळ समुद्र भरून काढण्यांत आला, आणि त्या भरावावर रूळ, वखारी व धक्के झाले. कुलाब्याचा कापसाचा बाजारहि इकडे आला. कॉटन ग्रीन हें स्टेशनाचें नांव त्याचीच आठवण होय. अशा रीतीनें समुद्र आणि माणूस यांच्यामध्यें कापसाच्या गासड्यांची भिंत उभी राहिली.

समुद्र दूर गेला, तरी मासळी विकणारे कोळी गेले नव्हते. या भागाच्या सर्वांत प्रसिद्ध उत्सवाचें मूळ त्यांच्याच पोटाच्या प्रश्नांत आहे. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलें, त्याच वर्षीं गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत तो सुरू झाला. गिरणगांवानें तो लौकरच आपलासा केला : १९२० सालीं चिंचपोकळीला, १९२८ सालीं लालबागच्या गणेश गल्लींत. १९३२ सालीं लालबागमधील पेरू चाळीचा बाजार बंद पडला. कोळी आणि लहान व्यापारी उघड्यावर आले. त्यांनीं गणपतीला नवस केला कीं, बाजाराला हक्काची जागा मिळूं दे. जागा मिळाली, आणि १९३४ सालीं त्यांनीं गणपति बसविला. पहिल्या मूर्तीचा वेश दर्यावर्दी कोळ्याचा होता असें सांगतात. हाच लालबागचा राजा. आज त्याच्यापुढें लक्षावधि माणसें रांग लावतात. पण त्याच्या मुळाशीं वैभवाची इच्छा नव्हती, टोपली टेकावयाला हातभर जागा मिळावी एवढेंच मागणें होतें.

आषाढ-श्रावणांतच परळ-लालबागच्या मूर्तिशाळा गजबजूं लागतात. मूर्ति मंडपाकडे निघाली कीं ढोल-ताशांच्या गजरांत आगमनाचा सोहळा होतो. काळाचौकीचा महागणपति, चिंचपोकळीचा चिंतामणि, गणेश गल्लीचा गणपति असे एकामागून एक मंडप पाहत माणसें रात्रभर फिरतात. अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघते. भायखळा, नागपाडा, दोन टाकी अशा निरनिराळ्या धर्मांच्या वस्त्यांमधून वाट काढीत लालबागचा राजा दुसऱ्या दिवशीं गिरगांवच्या चौपाटीवर पोंचतो, आणि तेथून तराफ्यावर बसून खोल पाण्यांत जातो. शिवडीचें पाणी जवळ असतां हा एवढा प्रवास कां? शिवडीस ओहोटी लागली कीं नुसता चिखल उरतो, आणि किनाऱ्याची बहुतेक जमीन बंदराच्या ताब्यांत आहे. त्यामुळें पूर्वेच्या माणसाला आपला देव पश्चिमेच्या स्वाधीन करावा लागतो. तेथेंहि शेवटचा शब्द समुद्राचाच असतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं भरतीच्या पाण्यानें मूर्ति तराफ्यावर चढविणें अवघड झालें, आणि विसर्जन रात्रीं पार पडलें.

जो चिखल गणपतीची वाट अडवितो, तोच पाखरांना बोलावितो. हिवाळ्याच्या सुमारास शिवडीच्या खाडींत रोहित पक्षी उतरतात. चोंच उलटी करून ते चिखलपाण्यांतील शेवाळ गाळून खातात, आणि या आहारांतील द्रव्यांमुळेंच त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा सुमारें बावीस किलोमीटरचा अटल सेतु खुला झाला. आतां ठाणें खाडीच्या आंतल्या भागांत हे थवे अधिक दिसतात. तेथील अभयारण्याला २०२२ सालीं रामसर क्षेत्राचा मान मिळाला आहे. किल्ला आणि खाडी पाहून परतणाऱ्यानें लालबागच्या मसाल्याच्या गल्लींतहि जावें. मिरची निवडून, भाजून, डंकावर कुटून घेणाऱ्या गृहिणींची गर्दी आणि नाकाला झोंबणारा तो वास हेंहि येथील एक प्रेक्षणीय स्थळच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. बहुतेकांना पुन्हां कामावर जातां आलें नाहीं. भोंगे थांबले, धुराड्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या आवारांत महापालिकेनें वस्त्रोद्योगाचें संग्रहालय उभारण्याचें काम हातीं घेतलें. गिरणी संग्रहालयांत ठेवतां येईल, परंतु गिरणगांव तेथें मावणार नाहीं. त्याचीं कुटुंबें डोंबिवली, बदलापूर, विरारकडे पांगलीं आहेत. त्यांना वर्षांतून एकदां जुन्या गल्लींत आणणारें निमित्त म्हणजे हा उत्सव. २०२० सालीं साथीमुळें लालबागच्या राजाची मूर्ति बसली नाहीं; त्याऐवजीं मंडळानें आरोग्योत्सव मांडून रक्तदान घडविलें. मूर्तीवांचूनहि माणसें एकत्र आलीं. पेरू चाळीच्या कोळ्यांनीं नवस केला तोहि एकत्र राहण्याच्या जागेसाठींच होता. समुद्र दूर सरला, गिरण्या गेल्या. आतां चाळीहि एकामागून एक पडत आहेत. नव्या इमारतींत या माणसांना जागा किती मिळते, यावरच पुढल्या पिढीचा भाद्रपद अवलंबून राहील.