कर्नलमधलं कुलूप: एक बग दुरुस्त करताना दुसरा कसा येतो

आमच्या दारव्ह्याकडे डवरणीचे दिवस आलेत असं समजा. एकाकडे बैलजोडी आहे, शेजाऱ्याकडे डवरा. दोघंही "आधी तू दे, मग मी देतो" म्हणून अडून बसले, की दोन्ही वावरांत तण. हाच डेडलॉक. शेजारी निदान शेवटी बोलतात तरी, थ्रेड बोलत नाहीत.

उपाय पुस्तकात एका ओळीत असतो: सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे. मग मुरलेल्या माणसांकडूनही चूक का होते? लिनक्सच्या ext४ फाइलसिस्टिममधलं २०२३ चं प्रकरण बघा.

ext४ मध्ये लहान डिरेक्टरीचा मजकूर थेट आयनोडमध्येच ठेवता येतो. डिरेक्टरी वाढली की तो वेगळ्या ब्लॉकमध्ये हलवतात. आता एक थ्रेड ही डिरेक्टरी दुसऱ्या पालकाखाली नेतोय, म्हणजे तिची '..' ही नोंद बदलतोय. त्याच क्षणी दुसरा थ्रेड तिच्यात नवी फाइल बनवतोय आणि मजकूर ब्लॉकमध्ये हलतोय. रिनेमने दोन्ही पालकांना लॉक केलं होतं, हलणाऱ्या डिरेक्टरीला नाही. परिणाम: डिस्कवरची डिरेक्टरी बिघडू शकते. मशीन अडकत नाही, गुपचूप चालत राहते. मला तर अडकलेली मशीन परवडली!

यान कारा यांनी त्या डिरेक्टरीवरही लॉक लावला. पण तो लागला ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यानंतर, आणि बाकी सगळीकडे क्रम होता आधी आयनोडचा लॉक, मग ट्रान्झॅक्शन. झाली बैल-डवऱ्याची गोष्ट. हे पकडलं लॉकडेपने. इंगो मोलनार यांचं हे साधन २००६ पासून, २.६.१८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. ते मशीन खरंच अडकायची वाट बघत नाही. लॉक कोणत्या क्रमाने घेतले ते लक्षात ठेवतं, आणि पुढे कधीही उलटा क्रम दिसला की ओरडतं.

लॉक आधी घेऊन तेवढं निस्तरलं. मग ६.५ मध्ये ही दुरुस्ती व्हीएफएसमध्ये, म्हणजे सगळ्याच फाइलसिस्टिम्ससाठी गेली. नियम: पूर्वज आधी, नातं नसेल तर आयनोडचा मेमरीतला पत्ता लहान तो आधी. वाचायला बरोबर वाटतं ना? कागद घ्या. 'यवतमाळ' डिरेक्टरीत 'पुसद' आहे, 'वाशीम' वेगळी. पत्ते: पुसद १००, वाशीम २००, यवतमाळ ३००. पत्त्याने पुसद वाशीमच्या आधी, वाशीम यवतमाळच्या आधी. आणि पूर्वज म्हणून यवतमाळ पुसदच्या आधी. चक्र पूर्ण! हा क्रम संक्रामकच नाही.

२०२४ मध्ये, ६.८ आवृत्तीत, ॲल विरो यांनी हे सुधारलं. पालक बदलत असेल तरच हलणारी डिरेक्टरी लॉक करायची, कारण एरवी '..' बदलतच नाही. आणि रिनेमचा सामाईक म्युटेक्स हातात नसताना दोन उप-डिरेक्टऱ्या लॉक करायच्या नाहीत.

तुम्ही करून बघा. व्हर्च्युअल मशीनमध्येच, घरच्या लॅपटॉपवर नको. 'प्रूव्ह लॉकिंग' पर्याय चालू करून कर्नल बांधा, छोट्या मॉड्यूलमध्ये दोन म्युटेक्स आधी सुलट, मग उलट क्रमाने घ्या. एकच थ्रेड पुरतो. लॉकडेपच्या अहवालात जुन्या अवलंबनांची साखळी उलट्या क्रमाने छापलेली असते, तसं तिथे लिहिलेलंही असतं. मी ते न वाचता दोन दिवस घालवले होते.