‘फिफ्टी घे, सगळं होतं!’ नाही होत

बेंगळुरूच्या चंदापूर, इलेक्ट्रॉनिक सिटी, आनेकल या पट्ट्यातल्या मराठी घरांत हल्ली कॅमेऱ्याकडून दोन कामं करून घेतात. एक सुट्टीतली भटकंती. दुसरं घरच्या घरी चालणाऱ्या छोट्या धंद्याचे फोटो: नथी, ठुशा, आनेकलच्या मागांवरच्या रेशमी साड्या, दिवाळीत फराळाचे डबे. मग प्रश्न येतो, दोन्हीला चालेल अशी एक लेन्स कुठली? आणि विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी ठोकून देतं, “किट लेन्स कचरा असते. फिफ्टी १.८ घे, सगळं होतं.”

हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता देणाऱ्याला आधी फूटपट्टी हातात द्यावीशी वाटते. मोजूनच बघू.

नथ घ्या, ३ सेंटीमीटर रुंदीची. कॅनन १५००डी हा आपल्याकडे सर्रास दिसणारा कॅमेरा, त्याचा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद. कॅननच्याच तपशीलपत्रकात या फिफ्टीचं, म्हणजे ५० एमएम एफ/१.८ एसटीएमचं, कमाल मॅग्निफिकेशन (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या किती पट उमटते तो आकडा) ०.२१ दिलेलं आहे. म्हणजे जितकं जवळ जाता येईल तितकं गेलात तरी नथ फ्रेमची जेमतेम २८ टक्के रुंदी व्यापेल. याच कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ आयएस टू या ‘कचरा’ लेन्सचा आकडा आहे ०.३४, तिच्यात नथ ४६ टक्के रुंदी भरते. निकॉनवाल्यांनी खूश होऊ नये. त्यांच्या ५० एमएम १.८जीचा आकडा ०.१५, आणि एएफ-पी १८-५५चा ०.३८. ॲमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या नियमांत मुख्य फोटोत वस्तूने ८५ टक्के चौकट भरावी असं म्हटलंय. क्रॉप करावं लागणार दोन्हींत, पण फिफ्टीत कितीतरी जास्त.

“पण १.८मुळे मागचं ब्लर होतं ना!” होतं. पुढचंही होतं, आणि नथीतले अर्धे मोतीही होतात. अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ला या कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारी खोली साधारण ६ मिलीमीटर. एफ/८ला तीच पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास जाते. गिऱ्हाईक पैसे देतं ते अख्ख्या दागिन्याचे, म्हणून प्रॉडक्टचे फोटो एफ/८ ते एफ/११ला काढतात, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून. एकदा एफ/८ला आलात की १.८साठी मोजलेले पैसे त्या फोटोपुरते कामाला आले नाहीत. त्या आकड्यावर दोन्ही लेन्सच्या तीक्ष्णतेतला फरक वेबसाइटच्या आकारात शोधून दाखवा.

साडीचं बघा. नेसवलेली साडी आणि डोक्यावर थोडी मोकळी जागा मिळून १.८ मीटर उंची धरली, तर कॅमेरा उभा धरूनही ५० एमएमला चार मीटर मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते चार मीटर आणायचे कुठून?

भटकंतीतही तेच. हुस्कूरच्या मद्दुरम्मा जत्रेतले रथ शंभर फुटांच्या वर गेलेले आहेत. तीस मीटरचा रथ उभ्या फ्रेममध्ये पुरा बसवायला ५० एमएमला सुमारे ६७ मीटर अंतर हवं, १८ एमएमला २४. त्या गर्दीत ६७ मीटर मागे गेलात तर फोटोत रथापेक्षा डोकी जास्त येतील.

हा गैरसमज आला कुठून, तेही सांगतो. फिल्मच्या जमान्यात एसएलआरबरोबर बहुधा ५० एमएमच मिळायची. तेव्हाची किट लेन्स तीच होती. ३६ बाय २४ मिलीमीटरच्या फिल्मवर ती खरोखर सर्वसाधारण दृश्य द्यायची. १५००डीसारख्या लहान सेन्सरवर मात्र तिचं दृश्य ८० एमएमइतकं अरुंद होतं. लेन्स बदलली नाही, तिच्यामागचा सेन्सर बदलला, आणि सल्ला तसाच राहिला.

फिफ्टी वाईट नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात ती ५५ एमएमच्या टोकाला असलेल्या किट लेन्सपेक्षा जवळपास दसपट प्रकाश घेते, आणि माणसांचे चेहरे सुरेख काढते. दुसरी लेन्स म्हणून खुशाल घ्या. वाद एकुलत्या एक लेन्सचा आहे.

बाकीचे गैरसमज लवकर उरकू. ‘१८-३०० घेतली की मॅक्रोही मिळाली’: टॅमरॉनच्या १८-३००चं ०.५ मॅग्निफिकेशन १८ एमएमच्या टोकाला मिळतं, तेव्हा काच वस्तूला जवळजवळ टेकते आणि लेन्सची सावली नथीवर पडते. ‘स्टॅबिलायझर असला की फोटो हलत नाही’: तुमचा हात हललेला तो सांभाळतो, पळणारं हरीण नाही. ‘बन्नेरघट्ट्याच्या सफारीत बसच्या जाळीतून फोटो येतच नाही’: लेन्स जाळीला भिडवा, झूम लांब करा, ॲपर्चर उघडा, जाळी विरघळते, इथे मात्र मोठं ॲपर्चर कामाला येतं. ‘क्रॉप (लहान) सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्सला १.६ने गुणायचं नसतं’: दृश्याच्या तुलनेसाठी सगळ्यांनाच गुणायचं. ‘मेगापिक्सेल जास्त हवेत’: ॲमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू १००० पिक्सेलची पुरते.

मग घ्यायची कुठली? कॅननच्या लहान सेन्सरवर १८-१३५. मॅग्निफिकेशन ०.२८ आहे, १८-५५पेक्षा कमी, हे मान्य. पण ते १३५च्या टोकाला मिळतं, त्यामुळे वस्तूपासून जरा लांब राहता येतं आणि प्रकाशाला वाट मिळते. रथ १८ला बसतो, सफारीतलं अस्वल १३५ला. फुल फ्रेम, म्हणजे फिल्मएवढा सेन्सर, असेल तर २४-१०५ किंवा निकॉन झेडची २४-१२० एफ/४. या २४-१२०चा आकडा ०.३९ आहे. फक्त दागिनेच विकत असाल तर यातली एकही नको, सरळ खरी १:१ मॅक्रो घ्या.

आणि किट लेन्स आधीच घरात असेल तर तूर्त काहीच घेऊ नका. खिडकीजवळ टेबल सरकवा, काचेवर ट्रेसिंग पेपर लावा, समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करा, आणि उरलेल्या पैशांत धड ट्रायपॉड घ्या. दुकानात गेलातच, तर लेन्सच्या खोक्यावरचा १.८ बघायच्या आधी तपशीलपत्रकातले दोन आकडे विचारा: किती जवळून फोकस होते आणि मॅग्निफिकेशन किती.