लेहला पहिले दोन दिवस पायीच

विमानाने लेहला उतरायचं, भाड्याची बुलेट घ्यायची आणि दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड गाठायची, असा छोट्या सहलीचा बेत मुंबई-पुण्याची मंडळी सर्रास आखतात. तो जिवावर बेतू शकतो. लेहच ३,५०० मीटरवर आहे. खिंड ५,३०० मीटरच्याही वर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. फ्युएल इंजेक्शनची गाडी विरळ हवेनुसार पेट्रोल आपोआप कमी करते, म्हणून ती सहज चढते आणि आपणही सज्ज आहोत असं वाटू लागतं. शरीराला मात्र विरळ हवेची सवय व्हायला काही दिवस लागतात. रोज व्यायाम करणाऱ्यांनाही विरळ हवा बाधते. मनालीहून रस्त्याने गेलं तर सवय होते, हेही अर्धंच खरं, कारण वाटेतला सरचूचा मुक्काम लेहहून उंच आहे. श्रीनगर-कारगिलचा रस्ता त्यापेक्षा बरा. उंचीच्या त्रासावर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गोळी मदत करते, पण पहिल्या दोन दिवसांच्या विश्रांतीची जागा घेत नाही.

यावर कुणी म्हणेल, चारच दिवस असताना दोन वाया का घालवायचे? पण उरलेल्या दोन दिवसांत सिंधूच्या काठाने निम्मूचा झांस्कर-संगम आणि आल्चीचा प्राचीन मठ निवांत पाहून होतो, आणि हा सगळा रस्ता खिंडीपेक्षा कितीतरी खाली आहे.