समुपदेशकाचा परवाना (भाग ४) : मान्यता कुणाची, विद्यापीठाची की अभ्यासक्रमाची?

अमेरिकेत समुपदेशकाला परवाना देतं ते त्या-त्या राज्याचं मंडळ, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. १९७६ मध्ये व्हर्जिनियाने पहिला कायदा केला, २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने शेवटचा. मधल्या काळात प्रत्येक राज्याने आपापली वेगळी चूल मांडली. त्याचा सगळ्यात मोठा चटका विद्यार्थ्याला बसतो तो मान्यतेच्या बाबतीत.

आपल्याकडे कॉलेजला नॅकची मान्यता मिळते, पण इंजिनिअरिंगच्या एखाद्या शाखेला एनबीएची मान्यता वेगळी घ्यावी लागते. तिकडेही तसंच. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं तरी तिथला समुपदेशनाचा मास्टर्स ‘केक्रेप’ने तपासलेला असेलच असं नाही. १९८१ पासून ही संस्था फक्त असे अभ्यासक्रम तपासते.

केक्रेपच्या अटींपैकी साठ क्रेडिटं ही झाली कागदावरची बाब. खरी मेख प्रत्यक्ष कामात आहे. आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, त्यातले किमान ४० तास समोर खराखुरा माणूस हवा. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात असे २४० तास. शिवाय दर आठवड्याला मार्गदर्शकापुढे बसून आपल्या सत्रांची चिरफाड करून घ्यायची, अनेकदा रेकॉर्डिंग लावून. समोरचा दोन क्षण गप्प झाला, की शिकाऊ समुपदेशक घाबरून सल्ला देऊन टाकतो. मार्गदर्शक रेकॉर्डिंग नेमकं तिथे थांबवतो. पुस्तकं वाचून हे येत नाही, त्यामुळे तासांची ही मोजदाद मला तरी जाचक वाटत नाही.

भांडण आहे ते केक्रेपच्या मक्तेदारीवरून. ओहायोत २०१८ पासून नव्या पदवीधरांना केक्रेप-मान्य पदवीच लागते. कॅलिफोर्नियात मात्र विद्यापीठाची मान्यता आणि ठरवून दिलेले विषय पुरतात. केक्रेपला मुख्य अध्यापक शक्यतो समुपदेशक-शिक्षणातच डॉक्टरेट झालेले हवे असतात, म्हणून मानसशास्त्र विभागांतल्या चांगल्या अभ्यासक्रमांची कोंडी होते. त्यांच्यासाठी ‘एमपीसॅक’ ही दुसरी संस्था उभी राहिली, पण तिचा शिक्का सगळीच राज्यं धरत नाहीत. दर्जा राखायलाच हवा. पण शिकवणाऱ्याची डॉक्टरेट कुठल्या विभागातली, यावरून तो ठरवणं काही पटत नाही.

(भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, समुपदेशकांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने कक्षेत घेतलं. त्यावर स्वतंत्र लिहीन.)

मुलामुलींना या शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवणाऱ्या पालकांनी एक लक्षात ठेवावं : केक्रेपची मान्यता शाखेनुसार असते. एकाच विद्यापीठातल्या शालेय समुपदेशनाला ती असेल आणि मानसिक आरोग्याच्या शाखेला नसेल, असंही होतं. तेव्हा फी भरण्याआधी, जिथे पुढे काम करायचं आहे त्या राज्याच्या मंडळाला अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव कळवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रवेश कार्यालयाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

पुढच्या भागात : पदवीनंतरचे तास आणि परीक्षा.